गोलकीपरचा फॉर्म

ब्रिस्टल,
रविवार, ७ मे २००६

प्रिय नीना,

मजेत असशील असं लिहिणार होते, पण फेब्रुवारीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा मला काय माहीत तू कशी आहेस. शेवटी पत्र लिहायला बसले. अतुल म्हणाला, "अगं तिकीट कशाला, फिल्टनला कामावर जाताना टाकतो की तिच्या दारात." मी तिकीटच लावलं. तू दारात भेटलीस तर तो चहाला आत येणार, आणि तिथे काय बोलणं झालं ते मला कधीच धड सांगणार नाही.

इकडे सगळं ठीक. कुशची जीसीएसईची परीक्षा तोंडावर आली आहे. तो अभ्यास करतोय असं म्हणतो आणि मी दाराला कान लावून उभी राहते. गोगलगायींनी या वर्षीही माझी मेथी फस्त केली.

आता मुद्द्याचं. चैत्रालीचा फॉर्म माझ्या टेबलावर आला आहे. सप्टेंबरपासून तिला तुमचं कॉलेज सोडून आमच्या मुलींच्या फुटबॉल अ‍ॅकॅडमीत यायचं आहे. खाली पालक म्हणून तुझी सही.

हे काय आहे, नीना? तुमच्याकडचा मुलींचा फुटबॉल तू उभा केलास. पहिल्या वर्षी जर्सी तुझ्या वॉशिंग मशीनमध्ये धुतल्या जायच्या, मला आठवतंय. आणि आता स्वतःची मुलगी, तीही गोलकीपर, उचलून माझ्याकडे पाठवतेस? आमच्याविरुद्धच्या सामन्यात तिनं एकटीनं तुमची लाज राखली होती. तशी मुलगी कुणी सुखासुखी सोडत नाही.

मला ऑफसाइड अजून समजत नाही, पण प्रवेशाचं काम मी नऊ वर्षं करते आहे. कुठली मुलगी कुठून आली, का आली, हे मला चेहऱ्यावरून कळतं. तुमचं हे वर्ष वाईट गेलं हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. नाताळात कोच सोडून गेला, सात सामने ओळीनं हरलात, एकदा तर नऊच मुली घेऊन मैदानात उतरलात. तुमची घडी विसकटली आणि आमच्याकडे फॉर्मांचा ढीग लागला. आमच्या प्रिन्सिपॉलनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्यात माझा काय दोष?

म्हणून सरळ विचारते. चैत्रालीचा गुडघा ठीक आहे ना? की काही लपवून आमच्या गळ्यात बांधते आहेस? की मी तुमच्या मुली पळवते असं उद्या वर कळवायचं आहे आणि त्यासाठी हा पुरावा? आमची कोच ट्रेसी म्हणते, मुलीला बॉल अडवता येतो ना, मग सही कर. ट्रेसी भोळी आहे.

आणि हो. मधुमती काय सांगत फिरते ते मला माहीत नाही. तुमच्या टीमबद्दल मी तिला एका शब्दानंही काही बोललेले नाही. हवं तर तिलाच विचार.

गुडघ्याचं मात्र खरं कळव. तोवर फॉर्म माझ्याकडे तसाच राहील.

अजून तरी तुझीच,
सुनीती


ब्रिस्टल,
रविवार, १४ मे २००६

नीना,

गुरुवारी चैत्राली ऑफिसात आली. हातात एक जाड पाकीट. तू माझ्या पत्राला उत्तर म्हणून तिच्या तब्येतीचे सगळे कागद पाठवलेस. नवव्या वर्षी मोडलेलं बोट, दोन वर्षांपूर्वीचा गुडघ्याचा एक्स-रे, फिजिओचं पत्र, सगळं तारखेनं लावलेलं. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. गुडघा ठणठणीत आहे.

तिला चहा दिला. खरं सांगायचं तर चौकशी करायलाच बसवलं होतं. आईनं तुला का पाठवलं, म्हणून तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. ती बिस्किट बुडवत तिच्या त्या मराठीत म्हणाली, "मावशी, आई म्हणाला, नेक्स्ट इयर टीम नसणार. सुनीतीमावशी फेअर आहे, तिच्याकडे जा."

मग मी विचारलं, आई माझा फोन का घेत नाही? तर म्हणाली, "आई रोज इव्हनिंगला फोनवरच असते. सगळ्या पॅरेंट्सना फोन करते. ते म्हणतात, वी हर्ड इट्स क्लोजिंग. आई विचारते, कोणी सांगितला? ते म्हणतात, एव्हरीबडी नोज."

तू माझ्यावर रागावली आहेस असं मी तीन महिने धरून चालले होते. तू फक्त फोनवर होतीस.

आता ऐक. हे मला तुझ्यासमोर बसून सांगता येणार नाही.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. तुला सर्दी झाली म्हणून तू आली नव्हतीस, पण आदल्या गुरुवारी तूच मला सांगितलं होतंस की कॉलेजनं टीम बंद करायचं रद्द केलं आहे. सव्वीस मेपर्यंत चौदा मुलींची नावं आली की पुढचं वर्ष नक्की. तू किती खूश होतीस. मला म्हणालीस, कुणी विचारलं तर बिनधास्त सांग, चालू आहे म्हणून.

मधुमतीनं विचारलं. माझ्या हॉलमध्ये, दहाबारा बायकांसमोर. तिच्या मुलीसाठी, मायरासाठी, ते फुटबॉलचं कॉलेज शोधत होते. ती म्हणाली, "नीनाच्या कॉलेजातलं फुटबॉल बंद होतंय का गं? तुला तर माहीत असणार." माझ्या हातात करंडा होता. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाची वाटी तिच्या हातात ठेवली आणि पुढच्या बाईकडे वळले.

एवढंच केलं. तुला लिहिलं तेच, एका शब्दानंही बोलले नाही. पण मी तुझी जिवाभावाची मैत्रीण. मी गप्प बसले म्हणजे गोष्ट खरी, असंच त्या सगळ्या समजणार, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मधुमती माझ्याकडे बघून "अरेरे" म्हणाली. तरी मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडे तेव्हा जागा रिकाम्या होत्या. मार्चमध्ये मायरा आमच्याकडे आली, तिच्यापाठोपाठ तिच्या शाळेतल्या दोघी आल्या. मग बाकीच्यांचं काय, एकीनं दुसरीला सांगितलं.

तेव्हापासून मी तुझ्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं शोधते आहे. तुला कळलं असेल, तू मला पकडायला बसली असशील, असंच वाटायचं. स्वतः केलेलं असलं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मला लाज वाटते, नीना.

काल मधुमतीच्या घरी गेले. पिनरहून तिची बहीण नंदा आली होती, तिच्यासमोरच सांगितलं की टीम बंद होणार नव्हती, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. मधुमतीनं मायराला हाक मारली. मायराला मुळात तुमच्याकडेच यायचं होतं, बस सोयीची पडते आणि चैत्राली गोलमध्ये असते म्हणून. तिनं तिथूनच दोघी मैत्रिणींना फोन लावले.

तिघींनी आमचे फॉर्म परत घेतले आहेत. उद्या, सोमवारी, त्या तुमचे भरतील. चैत्राली म्हणाली, ती सोडून तुझ्याकडे दहा नावं आहेत. म्हणजे तेरा झाली.

सोबत चैत्रालीचा फॉर्म परत पाठवते आहे. मी सही केलेली नाही. चौदावी ती आहे.

आता तू म्हणशील, सुनीतीनं चांगली गोलकीपर परत केली, यात नक्की काहीतरी असणार. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, फॉर्म उजेडाकडे धरून बघितला असता. तू बघ. हवं तर ट्रेसीला फोन करून विचार, ती माझ्यावर अजून चिडलेली आहे. तारीख सव्वीस आहे, तेवढी मात्र जाऊ देऊ नकोस.

फोन केला नाहीस तरी आता मी त्याचा काही अर्थ लावणार नाही.

तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा जी नुसती कुंकू लावत राहिली,
ती सुनीती