पोळ्याच्या दिवशीची मोजणी

नांदुरा. मंगळवार, पोळा. संध्याकाळ.

रस्त्यावरून बैलगाड्या किती जातात ते मोजूनच सरकार वरवट बकालला मोटार जावी म्हणून पक्का रस्ता मंजूर करणार. रविवारच्या सभेत मीच गरजलो, "परवाच मोजा!" टाळ्या पडल्या. ओव्हरसियरने हुकूम पाळून आज मोजले. एकही गाडी नाही.

वरवटचे संपतराव हसले, "काऊन हो वकीलसाहेब, पोळ्याले बैल जुपते काय कोनी?" मग हसू गेले. "सून मांगच्या साली गाडीतच बाळंत झाली. मोटार पाह्यजे होती."

एकही गाडी नाही. इतकी पुस्तके वाचली, पंचांग का नाही पाहिले?

उद्या लोकल बोर्डात मोजणीचा कागद जाईल. ओव्हरसियरवर ढकलले तर तो बिचारा गप्प बसेल... छे! उभे राहून सांगायचे: चूक माझी, पुन्हा मोजा.

टाळ्यांशिवाय बोलता येईल मला?