धुऱ्यावरची खाजकुयरी

कोकिळे,

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण परवा रोहिणखेडच्या पाव्हण्यांसमोर मी तुले खाजकुयरी म्हणलो ती शिवी नव्हती, पदवी होती. दुसरबीडले भावाकडं जायची पिशवी भरायच्या आधी एवढं वाच.

जुन्या काळी एका राणीनं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, खाजकुयरीचा वेल लावला. शत्रूची फौज आली, शेंगांची लव अंगाले लागली, अन् शिपाई तलवारी टाकून खाजवत पळाले. तवापासून राखणदारणीले खाजकुयरी म्हणतात.

बरं, राणी राहू दे. भाऊबंदांनी गावातले सगळे धुरे कोरून जमीन दाबली, आपल्या धुऱ्याले हात लावला नाही. काऊन, तर तिथं तू उभी होती. हे पाव्हण्यांले सांगायचं सोडून मी नुसतं खाजकुयरी म्हणलो अन् हसलो.

बाकी तू बोलत नाही, त्याचं मले काही वाटत नाही. दोन्ही वक्त पोटभर जेवून राह्यलो.

एवढं लिहिलं, तर मागं उभी राहून वाचणारी आपली सून प्रतीक्षा मोठ्यानं म्हणाली, "खोटं हाये, मामाजी! तुमचं कालचं भरलं ताट म्याच गाईले घातलं."