कडेला तग धरणारी

प्रिय ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "येऊन काय दिवे लावणार आहेस? आई मलाच ओळखत नाही, तुला कुठून ओळखेल!" आणि फोन ठेवलास. पूर्वी आपण एकाच वेळी एकच वाक्य बोलायचो. आता कुणा परक्या बाईला फोन लागल्यासारखं वाटतं. इथे मला हक्काने ओरडणारं दुसरं कुणी नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, सगळं कागदावरचं भौतिकशास्त्र. दोन कण एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला एक दूर ठेवायचा, दुसरा कृष्णविवराजवळ. आत न पडता तिथे कडेला तग धरून राहायचं, तर धग सोसावी लागते, आणि त्या धगीत ती गुंफण विरत जाते. दूरच्याने आपल्या जागी बसून काहीही केलं तरी ती पुन्हा वाढत नाही.

म्हणून मी रजा काढली आहे. हे पत्र पाठवत नाही, कारण वाचून तू येऊच नको म्हणशील. दारात हवं तेवढं बोल. मग आईजवळ मी बसते, तू जाऊन झोप. तिने नाही ओळखलं तरी चालेल. तू ओळख.

तुझी,
धाकटी