बाबांनी उघडलेले डोळे

३१ ऑक्टो., शुक्र.
हिंगोलीच्या कलासंग्रहालयातून फोन. उन्हाळ्यात त्यांची माणसं गोरेगाव-पुसेगावची घरं फिरून बाबांनी काढलेली जुनी चित्रं मागून घेऊन गेली होती, ती आता भिंतीवर लागलीत. पेंटरसाहेबांनी अवश्य यावं. पेंटरसाहेबांनी गुडघ्याचं कारण काढलं. मग मी जाते रविवारी, म्हटलं, तर म्हणाले, "काहून जातीस? समदे मेलेलेच हायत तिथं."
एरवी चित्राला कुणी बरं म्हटलं की अर्धी भाकरी जास्त जाते. आज ताट तसंच.
मेलेले आहेत हे खरं. पूर्वी जितेपणी फोटो कोण काढायचं? माणूस गेल्यावर सेनगावहून फोटोवाला यायचा, मयत भिंतीला टेकवून बसवायचा. त्या फोटोवरून बाबा चित्र काढायचे आणि मिटलेले डोळे उघडायचे. पेंटरनं माणूस परत आणला म्हणायचे लोक. सगळ्या तालुक्याची माणसं आणली, आईचं तेवढं चित्र नाही. ती गेली तेव्हा मी एवढीशी, चेहराही आठवत नाही. विचारलं तर बाबा ताकास तूर लागू देत नाहीत. मी विचारणं सोडलं. राग नाही सोडला.

२ नोव्हें., रवि.
जीपने गेले. पुढच्या दालनात मोठमोठी चित्रं, नुसते रंगाचे पट्टे. समजतंय असं तोंड करून उभी राहिले.
बाबांची मागच्या खोलीत. फेटेवाले आजोबा, तांड्यावरची आरशांच्या ओढणीतली म्हातारी, टोपीतलं लेकरू. छाती फुगवून एकेक बघत गेले. आणि मग घाम फुटला. मयताची भीती मला नाही, नर्सची नोकरीच तसली. किती जणांचे डोळे या हातांनी मिटलेत. पण इथे जिकडे वळावं तिकडून तीच नजर. म्हाताऱ्याला तेच डोळे, लेकराला तेच. डावी पापणी जरा उतरलेली. सगळ्यांचीच.
आईचे. दुसरे कुणाचे असणार? म्हणजे बाबांनी तिला इथे ठेवलं होतं, घरोघरी थोडी थोडी. तिथेच रडले.
राखणीची बाई स्टुलावरून उठून आली. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.
"ताई, हे समदे तुमच्या घरचे का?"
नाही म्हटलं.
"डोळे तर तुमचेच हायत."
आईवर गेले असेन, म्हटलं.

३ नोव्हें., सोम.
ड्यूटीवर जाता-येता आरशात बघत होते. या वयात! पण आईचं काहीतरी पहिल्यांदाच हाती लागलं, खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी बाबांना सांगितलं, आईचे डोळे बघून आले. त्यांनी कप खाली ठेवला.
"तुझ्या मायचे न्हाईत ते. तुझे हायत."
आई गेल्यावर मी चुलीकडे जाऊ नये म्हणून मला समोर स्टुलावर बसवून ते काम करायचे. मेलेल्याची नजर कशी होती हे त्यांना कुठून कळणार? समोर जिवंत डोळे माझेच, तेच काढत गेले. 'इकडं बघ' म्हणायचे आणि हातावर लेमनची गोळी ठेवायचे. गोळी आठवते मला. मला वाटायचं, लाड करतायत.

५ नोव्हें., बुध.
वॉर्डातली पुसेगावची म्हातारी गेली. डोळे मिटायला हात पुढे केला तो पुढे जाईना. दुसऱ्या सिस्टरला सांगितलं. आपलेच मिटतोय असं वाटलं. किती घरांत, किती वर्षं, मेणबत्त्या, उदबत्त्या... आणि भिंतीवरून मी बघतेय. झोप नाही.

९ नोव्हें., रवि.
सरळ विचारलं, सगळ्यांचं केलंत, आईचं का नाही.
बाबांनी पलंगाखालची पेटी ओढायला लावली. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चित्र. आई. हनुवटीवर तीळ, कानात फुलं, भरघोस केस. डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग, सपाट.
"परक्या मयतांना तुझे लावले, चाललं. तिला लावायला हात झाला न्हाई. तिचे आठवतील म्हणून वाट पाहून राहिलो."
आठवले का, विचारलं.
"न्हाई. तुझे काढू काढू तिचे पुसले गेले."
राग यायला हवा होता. म्हाताऱ्याचा हात धरून बसले. हात थरथरतो हल्ली.

१६ नोव्हें., रवि.
बाबांनी सकाळीच चित्र पडवीत उजेडाला लावलंय. समोर स्टूल. म्हणतात, "बस म्होरं. हात चालतो तवर उघडून टाकू. किती दिस आंधळी ठेवायची तिला?"
बसले तर आई एकदाची माझ्याकडे बघेल. पण माझ्याच डोळ्यांनी. आणि त्या भिंतीवरल्यांमधली एक होऊन जाईल. ती कोरी जागा तेवढी अजून तिची आहे. आणि नाही बसले, नि बाबांचं काही बरंवाईट झालं तर...
आत येऊन हे लिहीत बसलेय. दारातून स्टूल दिसतंय. त्यावर कागदातली लेमनची गोळी. दुकानापर्यंत कधी गेले, त्या गुडघ्याने?
दोनदा हाक मारून झाली त्यांची.