वगळलेल्या सोळा नावांबाबत

मी गोमा बिन हिरू म्हात्रे, वय अदमासे सत्तर, मिठागराचा मुकादम, राहणार दिवा, तालुका कल्याण, हा कागद पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाशिवाय लिहीत आहे. तो वर्षापूर्वीच लिहायला हवा होता. उशिराची माफी असावी. शाळा दोन इयत्ता झाली आणि कागदाची भीती जन्मभर राहिली. त्या भीतीनेच पुढचे सगळे झाले.

राहते घर पत्नी सरस्वती हिला. मुलगा मारुती याने तिला तिथून उठवू नये. उठवणार नाही, तरी लिहिलेले बरे.

माझे फावडे मारुतीला. दांडा सैल आहे, पाचर मारून घ्यावी.

शेजारी चंदूने माझी शिडी चार वर्षे ठेवली आहे. ती त्याचीच समजावी, पण त्याने मला लाचखाऊ म्हणणे थांबवावे.

खाडीकडचे भाताचे खाचर सरस्वतीचा भाऊ दामाजी याची मुलगी नंदा हिला. कारण असे. तीन वर्षांमागे मीठखात्याचा कारकून बांधावर आला आणि आगरावर माणसे किती, असे विचारू लागला. होती सत्तावीस. मला वाटले, माणशी पट्टी बसणार. मी अकरा सांगितली. मारुती समोरच टोपली घेऊन उभा होता, म्हणून त्याचे नाव लागले. बायका गाळल्या. दामाजी कल्याणच्या बाजाराला गेला होता, तोही गाळला.

गेल्या साली सरकारने लहान आगरे एका हुकमाने बंद केली. मोठ्या आगरावर काम मिळाले ते त्या यादीबरहुकूम. सोळा माणसे एका दिवसात रिकामी झाली. गावातली दोन लग्ने लांबली, कोंबड्यासुद्धा विकल्या गेल्या. दामाजी टिटवाळ्याला रेल्वेची खडी फोडायला गेला. जाताना अंगणात म्हणाला, "दाजी, मीठ ओढताना माझे हात बरे मोजलेत!"

मी लाच खाल्ली असे गाव म्हणते. खाल्ली नाही. सरस्वती म्हणते, "खाल्ली असती तर कळलं तरी असतं. भीती तुमची नि उपास माझ्या भावाला."

मार्गशीर्षात यादी नव्याने होणार आहे. मी असलो नसलो तरी हा कागद कारकुनापुढे ठेवावा. माणसे सत्तावीस होती. खोटे मी सांगितले, शिक्षा मला. सोळा नावे मागच्या पानावर आहेत, बायकांचीही. पहिले दामाजीचे.

कागदाला दोन साक्षी लागतात. गावातला कोणी अंगठा देत नाही. ठाण्याचा डॉमनिक माझ्याकडून मासळीसाठी मीठ नेत असे, तो सही देतो. तो म्हणाला, "ज्याला मिळायचं, त्यानं साक्ष घालू नये." म्हणून दामाजी, या कागदात तुला मुद्दाम काही ठेवलेले नाही. पुन्हा वगळले म्हणून रागावू नकोस. खाली तुझी जागा सोडली आहे. ये आणि अंगठा दे. येतोस की नाही, ते खडीच्या गाडीवरच्या कोणाकडून तरी लवकर कळव. मार्गशीर्ष लागायला नऊ दिवस उरले आहेत.

मुक्काम दिवा, कार्तिक वद्य ६, शके १८०२

सही: गोमा हिरू म्हात्रे

साक्ष १: डॉमनिक मिंगेल, राहणार ठाणे

साक्ष २: