जहाजाची खिडकी

जऊळका, १२ फेब्रुवारी १९७४

मुंबईहून आजच परतलो. आरमाराच्या संग्रहालयात मिलिंदचं जहाज पाहिलं. खरं जहाज तर लढाईत आमच्या पोरासकट बुडालं. इथं काचेच्या पेटीत त्याचा हातभर नमुना. निघताना त्याच्या मायनं बजावलं होतं, "पोरगं कुठं निजे, तेवढं पाहून या." म्हणून रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, भरीव लाकूड आहे. आत काही नाही."

भरीव. गाडीत तेच डोक्यात. घरी आता आम्ही दोघंच. हिला काय सांगायचं?

ही दारातच उभी. "खिडकीपाशी निजे," म्हणालो. काहून म्हणालो? तेवढंच सुचलं.

तो गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "खिडकी होती? मंग निंगाला असन तो बाहीर."

आता चुलीपाशी तिघांच्या भाकरी थापून राह्यली.