खारूचा गणवेश

४ मे

तळपायाची आग मस्तकात गेलीय! आठ वर्षांच्या पोरीला विचारतात — "पुढच्या रविवारी काय करशील? डोळ्यांसमोर आण, सांग." खारू म्हणाली, "रविवार आला नाही." मला तर बरोबरच वाटलं!

तपासणाऱ्या बाई बोलल्या मात्र गोड. कोडी तिनं झटक्यात सोडवली, स्मरणशक्ती अफाट. "पण पुढचं मनात रंगवणं बऱ्याच स्वमग्न मुलांना जड जातं. जमतच नाही असं नाही हं. कधीकधी सांगता येत नाही, इतकंच."

येताना नवरा म्हणाला, "त्यांच्यावर कशाला डाफरतेस? त्या आपल्याच बाजूच्या आहेत." असतील! पण पुढच्या महिन्यात नवी शाळा. मागच्या शाळेत तिसऱ्याच दिवशी बाकाखाली शिरून किंचाळत बसली, पुन्हा गेली नाही. ही शाळा टिकायलाच हवी. जवळपास दुसरी कुणी घेणार नाही.

९ मे

बाईंनी सांगितलं म्हणून नव्या शाळेचे फोटो भिंतीवर लावले. फाटक, वर्ग, संडाससुद्धा. पोरीनं ढुंकून पाहिलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी!

१७ मे

आज फोटोंकडे पाठ करून, पण त्याच भिंतीला टेकून बसली. ही प्रगती म्हणायची का?

२६ मे

गणवेशाचा फ्रॉक मीच शिवला. जगाचे कपडे शिवते, मग पोरीचा दुसऱ्याकडे कशाला? मऊ कापड, लेबल नाही, मापात चपखल. खारूनं घातला. खालची कड चाचपली. काढून मशीनवर ठेवला.

"चूक."

"टोचतोय का गं?"

"नाही. चूक."

घ्या! गणवेशच नको तर शाळा कुठली? स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा म्हणतो, "उद्या बघू." ह्यांचं आपलं सदानकदा उद्या!

२७ मे

सकाळी खारूनं एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा फ्रॉक माझ्यापुढे धरला, कड उलटली. आत चार बोटं कापड दुमडलेलं. पोरं वाढतात, उसवून लांब करता येतं — सगळ्यांच्याच फ्रॉकला ठेवते मी. मग तिनं स्वतःचा उलटला. आत काहीच नाही.

"पुढच्या वर्षी मी उंच. तेव्हापण हीच शाळा."

मी मनानं पहिल्या आठवड्यापलीकडे गेलेच नव्हते! नवं कापड काढलंय.